उत्तेजनार्थ ते प्रोत्साहनपर : एका विषयाची प्रस्तावना

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा निकाल फळ्यावर लागतो तेव्हा त्यात चार ओळी असतात. प्रथम, द्वितीय, तृतीय आणि उत्तेजनार्थ. पहिले तीन शब्द क्रमांक सांगतात, चौथा हेतू सांगतो. पहिल्या तिघांना बक्षीस का मिळाले हे कुणी विचारत नाही. चौथ्याला मात्र ते कशासाठी दिले हे प्रमाणपत्रावर लिहूनच द्यावे लागते, आणि तो कागद हातात घेणाऱ्या मुलाला त्यातली मेख बरोबर कळते. आपला नंबर आला नाही, पण पुढच्या वर्षी आपण पुन्हा उभे राहावे असे कुणाला तरी वाटते आहे.

प्रोत्साहनाचा अभ्यास म्हणजे काय, या प्रश्नाला माझ्याकडे याहून सोपे उत्तर नाही. एकाच्या शब्दाने, स्पर्शाने किंवा पैशाने दुसऱ्याच्या हातून असे काही घडते, जे एरवी घडले नसते किंवा अर्ध्यावरच सुटले असते. ते कसे घडते, कुठे घडत नाही आणि कुठे अंगाशी येते, एवढाच हा विषय. पण तो कुठल्याही एका विद्याशाखेत मावलेला नाही. मानसशास्त्राने त्याचा एक तुकडा उचलला, अर्थशास्त्राने दुसरा, कायद्याने तिसरा. वैद्यकाने तर तो मीटरमध्ये मोजला. आपल्याकडे हे तुकडे शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची सवय अजून लागलेली नाही, म्हणून नव्याने येणाऱ्या वाचकासाठी ही ओळख. पूर्वतयारी काही लागत नाही. शाबासकी आणि टोमणे दोन्ही खाल्लेला कुणीही माणूस इथे येण्यास पात्र आहे.

आधी शब्दांचे पाहू, कारण इथे शब्दच पुरावा आहेत. ‘उत्तेजन’ हा ‘तिज्’ धातूपासून आलेला शब्द, आणि तिज् म्हणजे धार लावणे. पाते आधीपासून असते, ते फक्त बोथट झालेले असते, असे त्या शब्दात गृहीत आहे. ‘प्रोत्साहन’ आला ‘सह्’ धातूपासून. सोसणे, टिकून राहणे, पुरे पडणे या अर्थांचा हा धातू. त्याला ‘उत्’ लागून उत्साह झाला. आज उत्साह म्हटले की आपल्याला लग्नघरातली धावपळ आठवते, पण भरताच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायिभाव आहे, म्हणजे संकटातही न ढळणारी कर्तृत्वाची ओढ. कौटिल्याने राजाच्या तीन शक्ती सांगितल्या: मंत्र म्हणजे सल्ला, प्रभु म्हणजे कोश आणि सैन्य, आणि उत्साह. आधीचे आचार्य उत्साहाला प्रभुशक्तीच्या वर ठेवत. कौटिल्याने ते खोडून काढले आणि क्रम लावला तो असा: सगळ्यात वर मंत्र, मग कोश आणि सैन्य, आणि तळाला उत्साह. जोश कितीही असो, तिजोरी आणि सल्ला नसेल तर उपयोग नाही, हा त्याचा हिशेब. मला तो पटतो. प्रेरणादायी व्याख्यानांचे आयोजन करणाऱ्यांनीही तो एकदा डोळ्यांखालून घालावा.

महाभारताच्या उद्योगपर्वात तर या विषयाची दोन टोके एकाच पर्वात सापडतात. एका टोकाला शल्य. युधिष्ठिर त्याला गळ घालतो की, कर्णाचे सारथ्य तुझ्याकडे येईल तेव्हा बोलून बोलून त्याचा तेजोवध कर. शल्य कबूल होतो आणि पुढे शब्द पाळतो. एका योद्ध्याचे बळ केवळ शेजारी बसलेल्याच्या बोलण्याने कमी करता येते, हे त्या कथेने धरूनच चालले आहे, आणि ‘तेजोवध’ हा शब्द आपण अजून वर्तमानपत्रात वापरतो. दुसऱ्या टोकाला विदुला. रणातून हरून परतलेल्या आणि अंथरुणाला खिळल्यासारख्या पडून राहिलेल्या मुलाला ती उठवते, पण गोड बोलून नव्हे. ती त्याला इतके टोचून बोलते की आजच्या पालकसभेत तिला कुणी बोलावणार नाही. कुंती ही कथा कृष्णाकरवी आपल्या मुलांना कळवते, आणि त्या आख्यानाला तिथेच ‘तेजोवर्धन’ म्हटले आहे. शल्यही टोचतो, विदुलाही टोचते. फरक आवाजाच्या पट्टीत नाही. विदुलेला मुलगा उभा राहायला हवा आहे, शल्याला कर्ण पडायला हवा आहे. हा भेद डोक्यात ठेवला तर पुढचे पुष्कळ प्रयोग समजायला सोपे जातात.

आता थोडे रेंगाळू या ते एकोणिसाव्या शतकात, कारण महाराष्ट्रात या विषयाचा सगळ्यात समृद्ध साठा तिथे आहे. पेशवाईत श्रावणात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग संस्कृत पाठशाळेकडे वळला. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या बरोबरीच्या तरुणांनी सरकारला अर्ज केला की, या पैशातून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. शास्त्रीमंडळी खवळली. पण अर्ज मान्य झाला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली.

या बदलाकडे आपण सहसा मराठी गद्याच्या इतिहासातली एक पायरी म्हणून पाहतो. प्रोत्साहनाच्या अभ्यासकाला त्यात आणखी काही दिसते. दक्षिणा माणसाला मिळे, तो कोण आहे यावरून. बक्षीस ग्रंथाला मिळू लागले, तो कसा आहे यावरून. दक्षिणेत आधीच्या विद्वत्तेचा मान होता, बक्षिसात पुढच्या लिखाणाची अपेक्षा होती. आणि ग्रंथ कसा आहे हे ठरवायला परीक्षक आले. उत्तेजन देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस बसला, तो तेव्हापासून उठलेला नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत तर ‘उत्तेजक’ हे संस्थेच्या नावात घालायचे आवडते पद झाले. मुंबईत पारशी मंडळींची गायन उत्तेजक मंडळी १८७० ची. पुण्यात वेदशास्त्रोत्तेजक सभा १८७५ ची, आणि त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला चालवणारी संस्था वक्तृत्वोत्तेजक सभा. १८९४ मध्ये निघालेली डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटी पुढे महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था झाली. गाणे, वेद, भाषण, ग्रंथ. जे जे मंदावले आहे असे वाटले, त्या प्रत्येकाला धार लावायला एक सभा. इथे राजा नाही, साहेबही नाही. वर्गणी देणारे, सभेला बसणारे आणि व्यासपीठावर बोलणारे एकाच थरातले लोक आहेत. बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांना पुढे ढकलण्याची ही रीत आपल्याकडे तेव्हा नवी होती. तिची मर्यादाही त्यातच होती. बरोबरीचे कोण, हे वर्गणीच्या वहीत आधीच ठरलेले असे. वहीबाहेरच्यांसाठी वेगळी वाट काढावी लागली. ती फुल्यांच्या शाळांनी काढली, आणि पुढे १९०१ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी करून. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले. ज्याला वाटच नाही त्याला ‘चाल पुढे’ म्हणण्यात अर्थ नसतो. आधी वाट, मग शाबासकी, हा क्रम या मंडळींना ठाऊक होता.

एवढा मानाचा ‘उत्तेजन’ शब्द मग गेला कुठे? तो घसरला. खेळाडूंची चाचणी होते ती उत्तेजक द्रव्यांसाठी, आणि ‘उत्तेजक दृश्ये’ म्हटल्यावर कुणाला वेदशास्त्र आठवत नाही. शब्दाला शरीराचा वास लागला आणि सभ्य कामकाजासाठी ‘प्रोत्साहन’ पुढे आले. जुना अर्थ उरला तो शाळेच्या प्रमाणपत्रावर आणि काही जुन्या संस्थांच्या पाट्यांवर. प्रोत्साहनाचीही गत आता तीच होऊ घातली आहे, फक्त त्याला वास लागतो आहे तो पैशाचा. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत नियमित कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला ५० हजार रुपयांपर्यंत जे मिळायचे, त्याचे सरकारी नाव ‘प्रोत्साहनपर लाभ’. इथे धीर देण्याचा काही संबंध नाही. शेजाऱ्याचे थकलेले कर्ज माफ झाले आणि वेळेवर भरणारा मी मूर्ख ठरलो, अशी जी भावना गावोगाव होती तिच्यावरचा तो उतारा होता.

बोलीत मात्र भांडार भरलेले आहे. धीर देणे, हुरूप येणे, उभारी धरणे, उमेद बांधणे, पाठ थोपटणे. यातला ‘उमेद’ फारसीतून आला आणि इतका रुळला की राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने तेच नाव घेतले. त्याच भांडाराच्या मागच्या फळीवर दुसरे शब्द आहेत: चढवणे, भरीस घालणे, फूस लावणे, चिथावणे, कान फुंकणे, हरभऱ्याच्या झाडावर बसवणे. क्रिया तीच, बोलून पुढे ढकलण्याची. पण मराठी माणसाने इथे कडक हिशेब ठेवला आहे. बोलणारा स्वतः सुरक्षित राहून दुसऱ्याला पुढे करतो तेव्हा त्याला वेगळा शब्द आहे, आणि पडल्यावर उचलायला जवळ थांबतो तेव्हा वेगळा. भरीस घालणारा माणूस पडझडीच्या वेळी सापडत नाही, हे त्या शब्दातच आले.

हाच हिशेब कायद्यानेही मांडला आहे. भारतीय दंड संहितेचे कलम १०७, आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम ४५, अपप्रेरणेची व्याख्या करते. तिच्यातला पहिला प्रकार चिथावणीचा. २००१ मध्ये रमेशकुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चिथावणी म्हणजे काय हे उलगडताना डिवचणे, पुढे रेटणे, भडकावणे यांच्या ओळीत प्रोत्साहन देणेही घेतले. मात्र रागाच्या भरात, परिणामाचा हेतू नसताना तोंडातून गेलेला शब्द चिथावणी ठरत नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. ‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा’ अशी बातमी आपण रोज वाचतो, पण तिच्यामागे हा प्रश्न उभा असतो: बोलणाऱ्याचा शब्द आणि ऐकणाऱ्याची कृती यांत किती अंतर असले म्हणजे बोलणारा सुटतो? प्रोत्साहनाची जबाबदारी कुणी मनापासून मोजली असेल तर ती फौजदारी वकिलांनी. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे निकाल वाचावेत असे मी आग्रहाने सांगतो.

मानसशास्त्रात या विषयाचे एक ओळखीचे दार एलिझाबेथ हर्लॉक यांनी १९२५ मध्ये उघडले. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना त्यांनी काही दिवस ओळीने बेरजेच्या कसोट्या दिल्या. एका गटाचे सगळ्यांसमोर कौतुक, दुसऱ्याला सगळ्यांसमोर बोलणी, तिसरा गट त्याच खोलीत बसून दोन्ही ऐकणारा पण स्वतःचे नाव कधी न ऐकणारा. कौतुक झालेली मुले सुधारत राहिली. बोलणी खाल्लेली सुरुवातीला सुधारली, मग ढेपाळली. तिसरा गट या दोघांच्या मागे राहिला. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा प्रयोग कौतुकाची महती म्हणून सांगतात. मला त्यात तो तिसरा गट जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या साठ मुलांच्या वर्गात मधल्या बाकांवर वर्षानुवर्षे बसणारा तोच आहे.

व्हिएन्नाचे आल्फ्रेड आडलर आणि त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी कौतुक आणि प्रोत्साहन यांत रेघ ओढली. त्यांच्या मांडणीत त्रास देणारे मूल हे बहुधा धीर खचलेले मूल असते. कौतुक झालेल्या कामाचे, जिंकलेल्याचे, वरून खाली. प्रोत्साहन चालू असलेल्या कामाला, हरतानाही, आणि शक्यतो बरोबरीने. मारिया माँटेसरी तर बक्षीस आणि शिक्षा दोन्हींच्या विरोधात होत्या, आणि त्यांचा विचार ताराबाई मोडकांमुळे बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांपर्यंत पोचला. म्हणजे बक्षिसावरचा संशय मराठी शिक्षणाला नवा नाही. तो बालवाडीत शिरला आणि पहिलीच्या दारात अडला, इतकेच.

त्या संशयाला प्रयोगाचा आधार १९७३ मध्ये मिळाला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुले निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते. काहींना आधीच सांगितले, चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि रिबिनीचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिले, काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा ती पेने ठेवली, तेव्हा कबूल करून बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या निम्माच वेळ त्यांच्याकडे फिरकली. अचानक मिळालेल्यांचे काही बिघडले नव्हते. म्हणजे घात बक्षिसाने केला नाही, सौद्याने केला. १९९८ मध्ये म्यूलर आणि ड्वेक यांनी शब्दांबाबत तसेच दाखवले. सोपे कोडे सुटल्यावर ‘हुशार आहेस’ ऐकलेली मुले अवघड कोड्यापुढे लवकर खचली, ‘मेहनत घेतलीस’ ऐकलेली टिकली. आणि आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलांना कळवायला सांगितल्यावर हुशारांपैकी बऱ्याच जणांनी ते फुगवून लिहिले. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरचे जुने सगळे अभ्यास एकत्र चाळले, तर एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायाने काम सुधारण्याऐवजी बिघडलेले निघाले. ‘दोन गोड शब्दांनी काय बिघडते’ असे म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा राखून ठेवावा.

मग काम करते ते काय? मला सर्वांत बोलका वाटतो तो येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. सातवीतल्या मुलांचे निबंध शिक्षकांनी नेहमीसारखे, म्हणजे लाल शाईने भरपूर चुका दाखवून तपासले. मग संशोधकांनी प्रत्येक निबंधावर एक चिठ्ठी चिकटवली. निम्म्यांवर एवढेच की, हे अभिप्राय तुझ्या माहितीसाठी आहेत. उरलेल्यांवर या अर्थाचे, की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहिले. कुठली चिठ्ठी कुणाला गेली हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. दुसरी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी निबंध सुधारून पुन्हा देणाऱ्यांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. चुका तेवढ्याच होत्या, चिठ्ठीत कौतुकाचा शब्द नव्हता. पण आधी त्या लाल खुणा कशासाठी आहेत याचा या मुलांना भरवसा नव्हता. शेरा मारणारा आपल्याला मोडीत काढतो आहे की आपल्यासाठी कष्ट घेतो आहे, हे त्यांना कळत नव्हते. विदुला आणि शल्य यांच्यातला फरक त्या चिठ्ठीने सांगून टाकला.

या सगळ्यातून माझे मत बनले आहे ते असे. प्रोत्साहन म्हणजे अजून न झालेल्या कामावर दुसऱ्या कुणी आपली पत लावणे. कौतुकात पत लागत नाही, कारण काम झालेले असते. आमिषात पैसा लागतो, पत नाही. चिथावणीत बोलणारा काहीच लावत नाही. ज्याचा शब्द खोटा पडला तर त्याचेही थोडे नुकसान होते, त्याचाच शब्द माणसाला उभा करतो. या मताशी न जुळणारे पुरावे आहेत, आणि त्यातला एक तर फार गमतीचा आहे.

फुप्फुसाचा जुनाट आजार किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाची सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतात. तीस मीटरचा सरळ बोळ, दोन टोकांना खुणेचे शंकू, जवळ खुर्ची. सहा मिनिटांत किती अंतर कापले, ते नोंदायचे. १९८४ मध्ये गायट आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना चालताना प्रोत्साहन दिले, काहींना दिले नाही. प्रोत्साहन मिळालेले सरासरी सुमारे ३० मीटर जास्त चालले. फुप्फुसाच्या जुनाट आजारात औषधाचा उपयोग झाला म्हणायला चालण्यात जेवढी वाढ लागते, तीही सुमारे तेवढीच. तंत्रज्ञाचे दोन शब्द औषधाइतके भरले. त्यामुळे २००२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी शब्दच ठरवून टाकले. दर मिनिटाला एक छापील वाक्य, सम आवाजात. चांगले चालले आहे आणि इतकी मिनिटे उरली. बाकी बोलायचे नाही, हातवारे करायचे नाहीत, रुग्णाबरोबर चालायचे नाही. इथे पत कुणाची लागली? कुणाचीच नाही. कोरडे, मोजून दिलेले वाक्यही पाय उचलायला लावते. माझ्या मताला पडलेली ही भेग मी बुजवत नाही. नव्या अभ्यासकाने तिथूनच आत शिरावे.

मैदानावरचा पुरावाही असाच अवघड. घरच्या प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी संघाला बळ येते असे सगळे मानतात. करोनाच्या साथीमुळे मे २०२० मध्ये जर्मनीतले फुटबॉल सामने रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाले, तेव्हा घरच्या संघाचा फायदा घटलेला दिसला. पण कार्डांचा हिशेब पाहिल्यावर लक्षात आले की, पाहुण्या संघाला पंचांकडून मिळणारी वागणूकही बदलली होती. त्या आरोळ्या खेळाडूंच्या कानात जेवढ्या जात, तेवढ्याच पंचांच्याही जात असाव्यात.

पैशाच्या प्रोत्साहनाबद्दल थोडक्यात एवढेच, की त्याला सरसकट नाके मुरडू नयेत. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पूर्ण लसीकरण झालेली मुले एरवी ६ टक्के होती. ठरल्या दिवशी खात्रीने शिबिर भरू लागले तिथे १८ टक्के झाली. शिबिराबरोबर दर लसीमागे एक किलो डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिला तिथे ३९ टक्के. मुलाला लस टोचावी हे आईला आधीच पटलेले असते. रोजगार बुडवून आजच जावे की पुढच्या वेळी, एवढाच प्रश्न असतो, आणि तो डाळीने सुटतो. चित्र काढण्याची आवड डाळीने वाढत नाही. दोन्ही खरे.

हे सगळे वाचताना मराठी वाचकाला एक गोष्ट खटकली पाहिजे. यातले काही प्रयोग तोंडावर केलेल्या स्तुतीवर उभे आहेत. आपल्याकडे पोराची तोंडावर स्तुती करणे चांगले मानत नाहीत. दृष्ट लागते, पोर शेफारते. मनापासून आवडलेल्या कामावरची दाद ‘बरं जमलंय’ किंवा ‘वाईट नाही’ एवढीच. खरे कौतुक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे होते, आणि तेही पोर पलीकडच्या खोलीत ऐकते आहे हे पक्के माहीत असताना. अशा वळसा घेऊन आलेल्या शब्दाचे वजन समोरासमोरच्या शब्दाहून जास्त असते का कमी? मैफलीत हात वर जाऊन निघालेली ‘वा’, आखाड्यात वस्तादाने पाठीत घातलेला धपाटा, बापाचा नुसता हुंकार, यांचा परिणाम कुठल्या मापाने मोजायचा? बाहेरचे प्रयोग जसेच्या तसे उचलण्याआधी हे विचारावे लागेल.

आणि विचारायला साहित्यही हाताशी आहे. प्रगतिपुस्तकातले शेरे घ्या. एके काळी ‘प्रगती समाधानकारक’, ‘गणिताकडे लक्ष द्यावे’, ‘अक्षर सुधारावे’ असे तीन-चार शब्द असत, शिक्षकाच्या हाताचे. २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात लवकरच तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या, आणि ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य एकाच वर्गातल्या अनेक मुलांच्या वाट्याला आले. शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे मुले किती आणि रकाने किती ते पाहावे. पण ‘अक्षर सुधारावे’ लिहिणाऱ्याने निदान अक्षर पाहिलेले असे. तयार नोंदीतले गोड वाक्य आणि जुना कोरडा शेरा यांत मुलाला काय पोचले, हे अजून कुणी नीट तपासलेले मला दिसले नाही. मराठीत या अभ्यासाची सुरुवात व्हायची तर ती इथून व्हावी.

त्यासाठी वाचकांना एक विनंती. घरात जुनी प्रगतिपुस्तके, निबंधाच्या तपासलेल्या वह्या, उत्तेजनार्थ मिळालेली प्रमाणपत्रे असतील तर रद्दीत घालू नका. त्यांवरचे शेरे जसेच्या तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसह उतरवून घ्या. मुलाचे आणि शिक्षकाचे नाव गाळा. वर्ष, इयत्ता, विषय आणि गाव तेवढे लिहा. ज्यांना तो शेरा मिळाला ते हयात असतील तर तेव्हा काय वाटले हे त्यांना विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत खाली नोंदवून ठेवा.